तांब्याभर झायलिन

दादासो खाड्याचा उजवा अंगठा बोरमाळ एमआयडीसीत मालकापेक्षा जास्त ओळखीचा होता. लांबलांबचे चप्पलवाले यायचे, चपला चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याचं झाकण काढायचे आणि आत बघायच्या आधी विचारायचे, "मामा, तुमी हात लावलाय न्हवं?"

मग खाडेमामा अंगठा आणि शेजारचं बोट डब्यात बुडवायचा, दोन्ही एकमेकांना चिकटवायचा आणि अगदी हळू फाकवायचा. मधे तार निघायची. पाकाची निघते तशी, पण जाड, पिवळसर. चार बोटं लांब तार न तुटता आली की चप्पलवाला डबा खांद्यावर मारायचा आणि चालू लागायचा. दोनच बोटांवर तुटली तर चहा पिऊन हात हलवत परत जायचा. सोल्युशन तळव्याला कसं धरतंय हे कुणी विचारायचं नाही. तार आली म्हणजे माल चांगला. त्यांचे बाप असंच बघत आले होते.

सोल्युशनचं नाव होतं 'अंगदपाय'. डब्यावर रोवलेल्या पायाचं चित्र. मालक भरतेश मगदूम, वय पंचेचाळीस, सरळ माणूस. वहीत खोटा आकडा लिहायचा नाही आणि कुणाला लिहू द्यायचा नाही. त्याच्या एका शेडमध्ये सोल्युशन घोटायचं, शेजारच्या शेडमध्ये रंगाचे स्प्रे डबे भरायचे. ते हलवा आणि फुस्स करा वाले. मामा सोल्युशनच्या शेडवर एकतीस वर्षं.

सोल्युशन घोटायचं म्हणजे रबराचे तुकडे टोल्युइन नावाच्या उडत्या रसायनात सोडायचे आणि सहा तास आतला घुसळायचा पंखा फिरवायचा. बास, एवढंच. पण कधी थांबायचं ते कळलं पाहिजे. कच्चं असलं की वास सरळ डोळ्यात घुसतो. शिजलं की वास खाली बसतो, गुळमट होतो. हे मामाला नाकानं कळायचं. मालक पाहुण्यांना सांगायचा, "माझ्याकडं दोन लाखाचं यंत्र न्हाई, खाडेमामांचं नाक हाय."

आणि ते नाक सहा वर्षांपूर्वी मेलं होतं.

मामाला कळलं ते एका लग्नात. मांडवात तो पाटाला पाट लावून बसला होता आणि म्हणाला, "फणस कवा कापायचा?" फणस त्याच्या पाठीमागंच कापून ठेवला होता. सगळा मांडव घमघमत होता. लोक पोट धरून हसले. मामाही हसला, आपण गंमतच केली असं दाखवून. घरी येऊन त्यानं लसूण ठेचला, रॉकेलचं बूच उघडलं, बायकोची तपकीर ओढली. शिंका आल्या. वास काही आला नाही.

कुणाला सांगणार? ज्याच्या नाकावर पोट, त्यानं नाक गेलं म्हणून सांगायचं? गप्प बसला.

पुढच्याच महिन्यात दोन घाण्या, म्हणजे दोन वेळचा घोटलेला माल, कच्च्या उतरल्या. तार तुटली. चप्पलवाले तोंड वाकडं करून गेले. तेव्हा मामाला सुचलं. शेजारच्या शेडमध्ये रंगाच्या नळ्या धुवायला झायलिन असायचं, टोल्युइनचंच भावंड. त्यातलं तांब्याभर आणून घाणीत ओतलं. झायलिन टोल्युइनपेक्षा सावकाश उडतं, म्हणून तार ओली राहते आणि लांब येते. अंगठा खूश, चप्पलवाला खूश. वहीत ते झायलिन 'नळ्या धुण्यासाठी' म्हणूनच जायचं, आणि धुवून झालं की बंद पिंपात परत जातं असंच मालक धरून चालायचा. तांब्याचे दोन तांबे झाले, पुढं चार. पितळी तांब्या, काठाला चेपलेला. पंख्याच्या मागं खुंटीला टांगलेला. त्यातनं पाणी प्यायला कुणाला द्यायचा नाही मामा, एवढंच लोकांना माहीत.

असं पाचेक वर्षं चाललं. मग सरकारनं नव्या नियमाचा मसुदा काढला. डिंक, सोल्युशन आणि स्प्रेचे डबे करणाऱ्यांसाठी. नियम अजून व्हायचा होता. आधी वर्षभर तपासणी, मग जनसुनावणी, मग काय ते ठरणार. तपासणीसाठी कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक पिंपात एक थेंब टाकायचा हुकूम आला. मामानं बघितला तो थेंब. पाण्यासारखा. एक पोरगं आलं, पिंपात पिचकारी मारून सही घेऊन गेलं.

"ह्यानं काय व्हतंय?" मामानं विचारलं.

"काय न्हाई मामा. खूण हाय."

मामा म्हणाला, "बरं." आणि संध्याकाळी त्याच पिंपातनं तांब्या भरला.

*

पुढच्या मे महिन्यात मामा बहिणीकडं गेला. शेवंताक्का त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. सावरमाळला दिलेली, बोरमाळपासून चाळीस किलोमीटर उगवतीला. विजेची एसटी आवाज न करता फाट्यावर सोडायची, तिथनं पुढं बागाच बागा. आक्काची दीड एकर द्राक्षं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, पण बाग आक्कानं पडू दिली नाही.

एप्रिलची छाटणी होऊन नवी फूट हातभर वाढली होती, पानं आली होती. ह्याच पानांवर पुढच्या सालचं सगळं असतं. ऊन खाऊन पानं काडीत साठा करतात, त्या साठ्यातनं न फुटलेल्या कोंबाच्या डोळ्याच्या आत बारीक घड बांधला जातो. पानं आधीच म्हातारी झाली की डोळा पोकळ राहतो. ऑक्टोबरात छाटलं की नुसता पाला येतो.

आणि आक्काची पानं म्हातारी होत होती. वरच्या अंगाला बारीक तांबूस ठिपके. कुणी सुईनं टोचल्यासारखे.

"तिसरं साल हाय दादू," आक्का म्हणाली. "करपा म्हणून औषिद मारलं, भुरी म्हणून मारलं. ड्रोनवाला म्हणतो आक्का, आता औषिदच संपली दुकानातली. मी आपली सुनंला बोलत बसले. म्हणलं तू पानी चुकवलंस, तू खत जादा टाकलंस. गेल्या साली पोरगी रडत माहेरी गेली हुती दोन म्हयनं."

सून परातीत कणीक मळत होती. वर बघितलं नाही तिनं.

तेवढ्यात बांधावरनं एक बाई आली. तिशीची, डोक्याला टॉवेल बांधलेला, पायात मातीनं भरलेले बूट. इरावती सातपुते तिचं नाव. आक्काच्या बागेच्या कोपऱ्यातल्या दगडी खांबावर तिनं जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बसवलं होतं. तसली साठ यंत्रं साठ गावांत बसवली होती.

"ये बाई, च्या घे. ह्यो माझा भाऊ दादू."

इरावती बाजेवर टेकली आणि आक्काच्या हातातलं पान उन्हात धरलं. "मावशी, हा रोग नाही. हे भाजलंय."

"उनानं?"

"ओझोननं. ऊन लागतं ते बनवायला." मग तिनं सांगितलं, आणि बरं सांगितलं, मामालासुद्धा कळेल असं. ओझोन वर आभाळात असला की छप्पर असतो, कडक किरणं अडवतो. तोच खाली जमिनीलगत झाला की विखार. पानाच्या बारीक तोंडातनं आत शिरतो आणि आतनं जाळतो. माणसाच्या छातीतसुद्धा तेच करतो. पण तो कुठल्या धुराड्यातनं बाहेर पडत नाही. तो वाटेत तयार होतो.

"दही लावता ना मावशी तुम्ही? तसं. सोल्युशन वाळलं, रंग वाळला, की त्यातलं उडणारं हवेत जातं. ते झालं दूध. गाड्यांचा धूर हे विरजण. आणि दुपारचं ऊन ही ऊब. भांडं काही एका जागी बसत नाही, वाऱ्याबरोबर चालत राहतं. सकाळी तिकडं लावलं, दुपारी तुमच्या बागेवर येऊन लागतं. म्हणून कारखान्याच्या दारात मोजलं तर हवा बरी असते, आणि इथं मोजलं तर वाईट."

"इथं तर साधी पिठाची गिरन बी न्हाई," आक्का म्हणाली. "दूध त्यांचं आनि दही आमच्या बोकांडी व्हय?"

इरावती हसली. "आणि सगळं दूध सारखं नसतं. आत्तापर्यंत नियम नुसतं वजन बघायचे, किती किलो उडालं. नवा नियम म्हणतो, काय उडालं ते बघा. ॲसिटोन ग्रॅमभर उडालं तर अर्धा ग्रॅमसुद्धा ओझोन होत नाही. टोल्युइनचा चार ग्रॅम होतो. झायलिनचा आठ."



"आनि ते कुनाचं उडालं ते कसं कळनार?" मामानं विचारलं.

"मेंढरं बघितलीत ना धनगरांची? चार कळप एका माळावर मिसळले तरी कुणाचं कुठलं ते कळतं, शिंगाला रंग असतो. आम्ही प्रत्येक पिंपात तसा रंग टाकलाय. एका कारखान्याच्या टोल्युइनला एक, झायलिनला वेगळा. कशात मिसळत नाही, कशानं मरत नाही. हवेत खर्वात एक कण असला तरी हे यंत्र मोजतं." तिनं मोबाइल पुढं केला. पडद्यावर पट्ट्या होत्या, लांब-आखूड. "हे तुमच्या बागेवरचं. चाळीस कारखाने आहेत, प्रत्येकाचं थोडं थोडं. बाकीच्यांचं झायलिन धुताना उडतं असं ते सांगतात, पण एक मला कोडंच आहे. ही लाल पट्टी. एका कारखान्याचं झायलिन. तो म्हणतो, आमचं झायलिन फक्त स्प्रेच्या डब्यात जातं आणि डबे परराज्यात जातात. मग ते इथल्या हवेत कसं? अंगदपाय म्हणून आहे कुणीतरी."

"अगं बाई!" आक्काचा चेहरा उजळला. "आमचा दादू तिथंच तर हाय! एकतीस वर्सं! त्याच्या नाकाबिगार तिथं पान हालत न्हाई."

"मग मामा, तुम्हालाच माहीत असेल."

मामानं बशी खाली ठेवली. "मी काय, घोटनारा मानूस," तो म्हणाला. "झायलिन त्या शेडचं."

निघताना सुनेनं त्याच्या हातात बेदाण्याची पुडी दिली. "मामा, पाया पडते," म्हणाली. मामाला तिच्याकडं बघवेना.

*

परत आल्यावर त्यानं पहिलं काय केलं, तर तांब्या न घालता एक घाणी उतरवली. पंखा सहाच्या जागी आठ तास फिरवला, वास घेता येत नाही तर नजरेनं गाठी बघत राहिला. अंगठा बुडवला. तार दोन बोटांवर तुटली. नेहमीचा चप्पलवाला आला, बघितलं आणि म्हणाला, "मामा, म्हातारं झालासा." गेला रिकामा.

मामानं त्याच घाणीतलं सोल्युशन घेऊन स्वतःच्या चपलेचा तळवा चिकटवला. दोन तास दाबून ठेवला. मग ती चप्पल घालून हिंडायला लागला. शेतात, गटारात, तापल्या डांबरावर. वीस दिवसांनी बोटानं उचकटायला बघितलं. तळवा फाटायला लागला, पण चिकटवलेलं सुटलं नाही.

मामा चप्पल मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. एकतीस वर्षं तो ज्या तारेच्या जिवावर मामा होता, ती तार नुसती दिसायला होती. धरायचं काम रबर करत होतं.

जूनच्या शेवटी मालकानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. समोर खुर्ची दिली. एकतीस वर्षांत मामा त्या खुर्चीवर बसला नव्हता.

"मामा, सोमवारी सुनावणी. यंत्र म्हणतंय, तुमचं झायलिन सावरमाळच्या हवेत हाय. कसं असंल? सगळं झायलिन डब्यात भरून बाहेर. उरलं ते नळ्या धुवायचं, ते बंद पिंपात. माझी वही सरळ हाय. मी मंदिरात हुबा राहून सांगीन."

"व्हय मालक. तुमची वही सरळच असती."

"मग? यंत्र खोटं बोलतंय. आनि माझ्या एका ठिकानी खोटं बोललं म्हनजे सगळ्या ठिकानी. चाळीस कारखाने माझ्या मागं हुबं ऱ्हानार हायत. वकिलानं सांगितलं, मगदूम, तुमचीच केस पक्की. ह्या लाल पट्टीवर सगळा मसुदा पडतोय." तो पुढं झुकला. "नियमाला माझं भांडन न्हाई मामा. पन खोट्या यंत्रावर आपल्या चौदा कामगारांची घरं का बुडवायची? तुमी फकस्त हुबं ऱ्हायचं आनि सांगायचं, सोल्युशनात झायलिनचा थेंब बी पडत न्हाई. चप्पलवाले येतील, गाववाले येतील. तुमच्या शब्दाला मान हाय."

मामाच्या तोंडाशी आलं होतं. मालकाच्या डोळ्यात इतका भरवसा होता की ते परत आत गेलं.

"बगू," तो म्हणाला.

"बगू काय? आदी अंगठा बुडवून तार बगायचीय का तुमाला!" मालक हसला.

*

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात. पंखे फिरत होते, वारा लागत नव्हता. पुढं टेबलाशी अधिकारी बाई, शेजारी इरावती. एका बाजूला कारखानदार, त्यांच्या मागं घोटणारे. दुसऱ्या बाजूला गाववाले, पिशवीत पानं घेऊन. तिथं तिसऱ्या रांगेत आक्का. नऊवारी, डोक्यावरनं पदर, मांडीवर पिशवी. शेजारच्या बाईला बोटानं दाखवत होती, तो बघा, निळा शर्ट, माझा धाकटा भाऊ.

मालक बोलला. चांगला बोलला. वही वर धरून दाखवली. "माझं एक अक्षर खोटं निघालं तर कारखान्याला कुलूप लावा. न्हाई निघालं तर यंत्राला लावा." टाळ्या वाजल्या.

इरावती उठली. पाणी प्यायली. "वही खोटी आहे असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आकडा मी तीनदा तपासला. तिन्ही वेळा तोच आला. यंत्र का चुकतंय हे मला कुणी दाखवलं तर मी आज मागं घेते."

मागनं कुणीतरी म्हणालं, "घ्या मागं, कशाला ताप करून घेताय." हशा झाला.

"आमचे खाडेमामा सांगतील," मालक म्हणाला. "एकतीस वर्सं घोटत्यात."

मामा उठला. चालत पुढं गेला. पायात तीच चप्पल होती. ध्वनिक्षेपकापुढं उभा राहिला तर त्याचाच श्वास सभागृहभर ऐकू आला.

"नमस्कार. मी दादासो खाडे. सोल्युशन..." थांबला. समोर आक्का. तिनं पिशवीतनं एक पान काढून मांडीवर ठेवलं होतं आणि त्याच्यावरनं बोट फिरवत होती.

"यंत्र बरोबर हाय," मामा म्हणाला.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. "काय?" मालक म्हणाला.

"यंत्र बरोबर हाय मालक. वही बी बरोबर हाय. चुकीचा मी हाय." आता सुटला तो. "सोल्युशनात झायलिन मी घालतो. घानीला चार तांबे. दिवसाला दोन घान्या. सा वर्सं. नळ्या धुवायच्या पिंपातलं. मालकाला ठाव न्हाई. कुनालाच ठाव न्हाई."



"पण का, मामा?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"तार यायला." मामानं अंगठा आणि बोट वर धरलं, फाकवलं. चप्पलवाल्यांना कळलं. "आनि तार मला आनावी लागली, कारन माल शिजला का न्हाई ते मला कळंना. माझं नाक गेलंय. सा वर्सं झाली. फनसाचा वास येत न्हाई मला. मालक सांगतात मामाचं नाक, मामाचं नाक. न्हाई मालक मला नाक. तुमाला सांगायला पायजे हुतं. भ्यालो."

मग वाकून त्यानं उजव्या पायातली चप्पल काढली आणि टेबलावर ठेवली. कुणी हसलं नाही. "ही बिनतांब्याची हाय. हिला दोनच बोटं तार आली. वीस दिस झालं. कुनाला उचकटायची आसंल तर या."

इरावतीनं खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मग लिहायचं थांबवून म्हणाली, "मामा, एक सांगते. तुमच्या एकट्याच्या तांब्यानं साठ गावांची पानं भाजत नाहीत. हिशोब तेवढा मोठा होत नाही."

तेव्हा घोटणाऱ्यांच्या रांगेतनं हुसेन मुजावर उठला. एमआयडीसीच्या त्या टोकाच्या कारखान्यातला, मामाच्याच वयाचा. दाढी खाजवली.

"आमच्यात मग्गा हाय," तो म्हणाला. "लाल प्लॅस्टिकचा."

त्याचा मालक उडालाच खुर्चीतनं. "मुजावर!"

"काय मुजावर? तार नको का तुमाला?"

मागनं आणखी एक आवाज आला. "आमी तेलाचं डबडं वापरतो, अर्धं कापून." मग आणखी एक. कुणी काय, कुणी काय. प्रत्येकाला वाटत होतं, ही युक्ती आपल्या एकट्याची. चाळीस कारखान्यांत चाळीस वहीच्या बाहेरची भांडी निघाली. चप्पलवाल्यांच्या बाजूला तर एकमेकांकडं बघून गोंधळ उडाला. एकानं टेबलापाशी येऊन मामाची चप्पल उचलली, दोन्ही अंगठे घालून तळवा ओढला. अंगठे लाल होईपर्यंत ओढला.

"धरलंय की रं," तो म्हणाला.

मालक भरतेश मगदूम वही बगलेत मारून बाहेर गेला. जाताना मामाकडं बघितलंसुद्धा नाही.

आक्का बाकावरच बसली होती. मामा चप्पल हातात घेऊन तिच्याजवळ गेला. ती बोटं मोजत होती.

"सा वर्सं," ती म्हणाली. "म्हंजी सा भाऊबीजा. दर साली बागंत नेऊन इचारते, दादू, फुलोऱ्याचा वास आला का. आनि तू काय म्हनतोस?"

"लई झ्याक," मामा पुटपुटला.

"लई झ्याक," आक्का म्हणाली. पिशवी उचलली आणि एसटीला गेली.

*

नियम झाला. जसा मसुद्यात होता तसा नाही. छोट्या कारखान्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि टोल्युइन सोडून पाण्यातलंच सोल्युशन करा ही मसुद्यातली सक्ती गेली. काय उडतं त्याचा आकडा कमी आणा, कसं आणायचं ते तुम्ही बघा, एवढंच राहिलं. ॲसिटोन आणि त्याच्या जातीतलं काय काय घालून बघायला लोकांनी सुरुवात केली. शिजलंय का ते सांगणारी एक दांडी बाजारात आली. ती घाणीत बुडवायची, आत किती दाट झालंय ते आकड्यात कळायचं. मगदूमनं ती घेतली. मामाच्या नाकाच्या जागी दांडी आली.

मालक दोन महिने मामाशी बोलला नाही. कामावरनं काढलंही नाही. काही सांगायचं असलं की दारातल्या वॉचमनला सांगायचा, वॉचमन चार पावलं येऊन मामाला सांगायचा. मामा उत्तर वॉचमनला द्यायचा. मालक तिथंच उभा असायचा.

एक दिवस मालक थेट आला. हातात नव्या सोल्युशनचा डबा.

"दांडी म्हनती झालंय. तार दीड बोट. चप्पलवाले घेत न्हाईत." डबा मामाच्या पुढ्यात आपटला. "दांडीवर भरवसा न्हाई म्हनत्यात. खाडेमामा सांगू देत म्हनत्यात. आता काय सांगायचं ह्यांना? ज्यानं सा वर्सं फसवलं त्याच्यावरच भरवसा."

"मालक, मी..."

"गप ऱ्हावा." मालकानं खिडकीतनं बाहेर बघितलं. "नाक गेलं तवा सांगितलं आसतं तर डाक्टरकडं नेलं नसतं का मी? एवढा वाईट हाय का मी?"

मामानं डबा उचलला आणि दुसऱ्या दिवसापासनं चप्पलवाल्यांच्या दारोदार हिंडायला लागला. प्रत्येक ठिकाणी आधी अंगठा पुढं व्हायचा. मामा तो धरून बाजूला करायचा. "अंगठ्याला इचारू नगा. तळव्याला इचारा. उद्या येतो." काही ऐकले. काहींनी चहासुद्धा विचारला नाही.

*

भाऊबीजेला मामा सावरमाळला जाईल का नाही, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. गणपतीला आक्काचा फोन नाही, दसऱ्याला नाही. शेवटी सुनेचा आला. "मामा, आत्यांनी पाट मांडून ठेवलाय. मी सांगितलं म्हनून सांगू नगा."

तो गेला. आक्कानं ओवाळलं, घासभर लाडू तोंडात कोंबला, चकार शब्द बोलली नाही. जेवण झालं. मग पदर खोचून उठली आणि बागेकडं चालू लागली. मामा मागनं गेला. सून त्याच्या मागनं.

ऑक्टोबरच्या छाटणीला पाच आठवडे झाले होते. मेची पानं काही नियमाला थांबली नव्हती, भाजायची ती भाजलीच होती. म्हणून घड कमी होते, काडीला एखादा, कुठं तोही नाही. पण होते. आणि होते त्यांना फुलोरा आला होता, मोहरीएवढी हिरवी-पिवळी फुलं, हात लावला की टोप्या गळून पडतील अशी. कोपऱ्यातल्या खांबावर इरावतीचा डबा बारीक हिरवा दिवा लावून बसला होता.

आक्कानं एक घड ओंजळीत धरला. मामाकडं वळली.

"आला का वास?"

सून थांबली. मामानं घडाजवळ तोंड नेलं. डोळे मिटले, श्वास ओढला. दुपारचं ऊन नाकात गेलं, बाकी काही नाही.

"न्हाई गं आक्का."

आक्कानं सुनेला जवळ ओढलं, तिचं तोंड घडापाशी नेलं.

"तू सांग त्याला. मला सांगाय येत न्हाई."

सून वास घेत राहिली. मग म्हणाली, "मामा, लहान पोराला आंघोळ घालून पुसलं की टाळूला येतो न्हवं, तसा हाय. पन लांबनं. आनि त्यात उलीसं मध."

मामानं मान हलवली. तसला वास त्याला आठवत होता. त्याच्या पोराचा, तीस वर्षांपूर्वीचा.

"आता तिकडचा सांग त्याला," आक्का सुनेला म्हणाली, आणि तिघंही पुढच्या ओळीत शिरली.